कडकला इंग्रजीत काय: दहिसर ते अंधेरी

दहिसरहून अंधेरी काय लांब नाही. पण त्या दिवशी मला ती विलायतेइतकी लांब वाटत होती. कारण तिथं पोचल्यावर एक शब्द इंग्रजीत बोलायचा होता.

गिरणी बंद पडून दीड वर्ष झालेलं. माझा मेव्हणा दिगू अंधेरीच्या एका कारखान्यात ड्रायव्हर. त्यानं तिथं वॉचमनची जागा बघून ठेवली. कारखान्यात परदेशी पाहुणे येतात, म्हणून साहेब इंग्रजीत विचारतो, तू माणूस कसा आहेस? एका शब्दात सांगायचं.

"आणि भावोजी, गिरणीचा नाव काढू नकात," दिगू म्हणाला. "संपवाल्याक तो दारातच परत धाडता."

शब्द मी ठरवून टाकला. कडक. वॉचमनला आणखी काय पाहिजे? आता त्याचं इंग्रजी. मी चौथी नापास, तीही मराठीत. बायको म्हणाली, "हार्ड सांगा. पोरीच्या पुस्तकात आहे." बाजूचा इस्त्रीवाला म्हणाला, "स्टिफ. कॉलरला गिऱ्हाईक तेच बोलतं." दोन शब्द घेऊन मी चेकनाक्यावर (मुंबईत शिरणाऱ्या ट्रकांची झडती होते ती जागा) बस पकडली आणि बोरिवलीला उतरलो तेव्हा दोन्हींवर भरवसा उरला नव्हता.

बोरिवलीला दुसरी बस. रांगेत पुढं एक शाळेतल्या बाई उभ्या होत्या, हातात तपासायच्या वह्या. धीर करून विचारलं, "बाई, कडकला इंग्रजीत काय?"

"काय कडक आहे?"

"मी."

बाईंनी मला चपलेपासून टोपीपर्यंत बघितलं. "चहा असता तर स्ट्राँग. भाकरी असती तर हार्ड. तुम्ही कशासाठी कडक आहात?"

"वॉचमनसाठी."

"मग स्ट्रिक्ट. हार्ड म्हणालात तर दगड समजतील."

मला घाम फुटला. आपल्याकडं एका शब्दात चहा, भाकरी, कॉलर आणि मी, सगळे सुखानं राहतो. ह्यांनी प्रत्येकाला वेगळी खोली दिलेली.

बसमध्ये माझ्या शेजारी कोळीण, पायाशी जवळ्याची (बारीक सुकी कोळंबी) पाटी. तिनं रांगेतलं सगळं ऐकलेलं. पुढच्या बाईला म्हणाली, "ह्याला दोन दिस उन्हान घाला, मंग व्हईल कडक." अर्धी बस हसली. मीपण हसलो, पण आतून तोच जप चालू, स्ट्रिक, इस्ट्रिक, स्ट्रिकट. कंडक्टर आला, मी पैसे पुढं केले आणि म्हणालो, "स्ट्रिक्ट."

"असा स्टॉप नाय आपल्याकडं," तो म्हणाला. "अंधेरी देऊ?"

अंधेरीला कारखान्यासमोर उसळपाव घेतला, धीर येईल म्हणून. तर्रीनं जीभ भाजली. होतं ते इंग्रजीपण सुजलं.

साहेबाच्या केबिनमध्ये दिगू दाराशी उभा. साहेबानं मान वर न करता विचारलं, "व्हॉट काइंड ऑफ मॅन आर यू?"

मी टाचा जुळवल्या, छाती काढली.

"सर, आय अ‍ॅम स्ट्राइक."

साहेबानं पेन खाली ठेवलं. दिगूनं डोळे मिटले.

"कौनसा मिल?" साहेब म्हणाला.

"नही साहेब, वो दुसरा शब्द था. इसके बाजूवाला."

"मतलब स्ट्राइक में नहीं थे?"

एक 'नही' म्हटलं असतं तर झालं असतं. पण डोळ्यासमोर गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, बरोबर उभी असायची ती सगळी माणसं आली, आणि सुजलेली जीभ काय तिकडं वळेना.

"थे साहेब. सब थे. पण गेटपे हम वो दुसरावालाच रहेगा."

साहेब खळखळून हसला. माझा जन्मभराचा घोटाळा हा की माणूस हसला की मला वाटतं काम झालं. "बता देंगे," तो म्हणाला.

बाहेर दिगू सिगारेट पेटवत म्हणाला, "भावोजी, 'बता देंगे' म्हणजे 'नाय'."

परतीच्या बसला खिडकी मिळाली. गोरेगाव गेलं, मालाड गेलं, तेव्हा हिशेब लागला. वाण्याला, घरमालकाला, पोरीच्या शाळेला, पैसे का नाहीत म्हणून दीड वर्ष मी इंग्रजीतला हाच एक शब्द सांगत आलो होतो, स्ट्राइक. तो जिभेवर रांगेत पहिला उभा. स्ट्रिक्ट बिचारा सकाळीच आलेला, त्याचा नंबर कसा लागणार?

घरी बायकोला सगळं साग्रसंगीत करून दाखवलं, टाचा जुळवून, छाती काढून. माझ्या नकलांवर ती पदर तोंडाला लावून हसते. त्या दिवशी हसली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "उद्या कुठं?"

"मुलुंड," मी म्हणालो. "तिथला साहेब गुजराती आहे म्हणतात."