तारखेचा खण
जयवंत परब घरातसुद्धा आधी डबा पुसायचा, मगच भरायचा. त्याची बायको कुंदा यावरून त्याला येता-जाता टोमणे मारी, पण ही खोड ऑफिसातून लागलेली. अंधेरीच्या एका विमा कंपनीत तीस वर्षं तो आरपीजी या जुन्या भाषेत प्रोग्राम लिहीत होता. हाताखालच्या प्रांजलला तो बजावायचा, "एका माणसाची माहिती म्हणजे खणाखणांचा डबा. नाव, पत्ता, मृत्यूची तारीख. एक माणूस झाला की सगळे खण क्लिअर कर, मग पुढचा घे. नाहीतर पहिल्याचं दुसऱ्याच्या गळ्यात पडतं, कळलं ना?"

आणि शेवटी माती खाल्ली ती त्यानेच. वारसांना जाणाऱ्या सांत्वनपत्रांच्या प्रोग्राममध्ये बदल करताना क्लिअरची ओळ चुकून दर माणसामागे पुन्हा चालणाऱ्या फेऱ्याच्या बाहेर गेली. डबा सुरुवातीला एकदाच रिकामा झाला. माणूस वारला असेल तरच तारखेच्या खणात काही पडायचं, आणि खणात तारीख असली की पत्र निघायचं. नसेल तर आधीच्या मयताची तारीख तिथेच बसून राहायची. चूक सापडेपर्यंत सतरा जणांच्या निधनाची पत्रं त्यांच्या घरी गेली, आणि कंपनीच्या नोंदीत एकही वारलेला नव्हता.

साहेबांनी धुतलं ते धुतलंच. जयवंतने एकेकाला स्वतः फोन केला. मुलुंडचे एक आजोबा तर खूश झाले. "मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं रे, अजून एक पाठव!" सोळा जणांचं असं निभावलं. सतराव्याचा फोन बंद होता, म्हणून रविवारी तो जोगेश्वरीला गेला.

दार विमला राण्यांनी उघडलं. आत त्यांच्या नवऱ्याचा, शरच्चंद्रांचा फोटो. त्याला चंदनाचा हार.

"कंपनीतले का? बसा भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्या पत्राने सुटले हो मी. अकरा वर्षांपूर्वी पान खाऊन येतो म्हणून हे खाली उतरले, ते आलेच नाहीत. पोलीस झाले, देव झाले, देवऋषी झाले. जिन्यात पाय वाजला की मी उठायची. तुमच्याकडून कळलं तेव्हा एकदाची रडले. परवा तेरावं केलं. आता झोप लागते."

जयवंतला वाटलं, चहा घ्यावा, फोटोला नमस्कार करावा आणि निघावं. या बाईची झोप मोडणारे आपण कोण? पण कंपनीचं चूक दुरुस्तीचं पत्र आठवड्यात येणारच होतं. ते तिने एकटीने वाचायचं, हे त्याला सोसवेना. त्याने सगळं सांगितलं, ओळ आपल्याच हातून हलली इथपर्यंत. सांगताना त्याचे डोळे भरून आले.

विमलाबाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे ती तारीख दुसऱ्याच कुणाची?"

"हो, वहिनी."

"मग यांची कुठली?"

"यांच्या खणात काहीच नाही. रिकामा आहे तो."

मग उठून त्यांनी फोटोचा हार काढला, हातातच धरून ठेवला.

"चौदा दिवस झाले मला कुंकू पुसून," त्या म्हणाल्या. "आता लावू का, भाऊ?"