रोशनीचं भाषण

निर्मलाबाईंना कुणी भित्री म्हटलं तर माझं डोकंच फिरतं. त्यांच्या जागी बसून बघा म्हणावं!

ही चौदा सालची गोष्ट. डहाणू तालुक्यात रानशेतकडच्या एका शाळेत आम्ही दोघी शिकवायचो. बाई विवळवेढ्याजवळच्या पाड्यावरच्या, घरात शिकलेल्या पहिल्याच. शिक्षणसेवक म्हणून शेवटचं वर्ष चालू होतं. हेडसरांनी शेरा चांगला दिला तरच कायम, नाहीतर घरी.

त्या पावसाळ्यात परिपाठात रोज गाझातल्या युद्धाची बातमी असायची. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला हेडसरांनी तोच विषय धरला. आता आमच्याकडची रीत अशी, की भाषण लिहिणार मास्तर आणि पोरांनी ते नुसतं घोकायचं. आठवीतली रोशनी घोकण्यात एकदम पक्की. तिकडच्या मेलेल्या लेकरांबद्दल बोलताना तिचे डोळे खरेच भरून यायचे.

सराव ऐकता ऐकता बाईंचा चेहरा उतरला. बॉम्ब टाकणाऱ्या सरकारला सरांनी झोडपलं होतं, ते ठीकच होतं. पण पुढे लिहिलेलं, "ज्यू जातच कपटी. साऱ्या जगाचा पैसा त्यांच्या मुठीत. हिटलर उगाच नाही त्यांच्या मागे लागला!"

"सर, सरकारला काय बोलायचं ते बोलू दे," बाई म्हणाल्या. "पण हे अख्ख्या जातीवर गेलं. हिटलरने लाखो माणसं मारली हो, तान्ह्या पोरांसकट. ते बरंच केलं, असं आपल्या पोरीने म्हणायचं?"

"अहो, डहाणूत कोण ज्यू ऐकायला बसलाय?" सर हसले. "आणि तुमचा शेरा लिहायचाय अजून मला."

काय मेला माणूस! मी तणतणले, पण बाई वह्या उचलून वर्गावर गेल्या. नंतर मला म्हणाल्या, "संगिता, डी.एड.ला एकीचे पैसे हरवले, तर मॅडम वर्गात म्हणाल्या, हे पाड्यावरचे सगळेच चोर. मी समोरच बसलेले गं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रोशनीला बाजूला घेऊन सगळं समजावलं आणि तेवढा भाग गाळायला सांगितला. पोरगी लगेच कबूल झाली.

स्पर्धा मसोलीच्या एका हॉलमध्ये होती. रोशनी सुरेख बोलत होती. त्या जागेवर आली आणि अडकली. घोकलेलं मध्येच गाळलं की पुढचं सुचतंय कुठे? पहिल्या रांगेतून हेडसर खालून सांगायला लागले, "ज्यू जातच... बोल, बोल!" रोशनीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईंकडे बघत राहिली. बाईंनी नुसती 'नको' म्हणून मान हलवायची होती. सरांनीही वळून बाईंकडे पाहिलं.

बाईंनी नजर खाली वळवली.

रोशनी ते सगळं बोलली, अगदी खणखणीत. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पहिला नंबर आमचाच आला.

बाई त्या वर्षी कायम झाल्या. त्या दिवशी मात्र ढाल घेऊन पोरगी थेट त्यांच्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही तेव्हा नको म्हटलं असतं ना, तर मी तशीच खाली उतरले असते."