सुनेच्या पानावरचा चौकोन

बायको गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. नांदेडच्या घराला कुलूप लावून लातूरला मुलाकडं आलो, तरी तेच. उठायचं, गॅलरीत जायचं, परत यायचं, फ्रीज उघडून बंद करायचा. आयुष्यभर टेम्पो चालवला, चौथीत शाळा सुटली, त्यामुळं वाचत पडावं असंही काही नाही. मुलगा म्हणायचा, "दादा, जरा टेका की." टेकून काय करू?

दुपारी घरात मी आणि सूनच. ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन वेबसाईट बनवायचं शिकत होती. लातुरात क्लासला तोटा नाही, तसा हिचाही एक क्लास होता. तिथं आधी सगळं थोडं थोडं शिकवलं आणि मग सांगितलं, पुढं एकच बॅच घ्या, फ्रंटएंड न्हाई तर बॅकएंड. हे काय असतं, मी विचारलं. "मामा, पडद्यावर दिसतं ते सगळं फ्रंटएंड. रंग, फोटो, बटणं. आणि लोक जे लिहितात ते जपून ठेवायचं, मागितलं की काढून द्यायचं, ते बॅकएंड, मागचं काम. ते दिसत न्हाई."

तिचा जीव रंगातच. मुलगाही म्हणाला, "फ्रंटएंडच घे, निदान चार लोकांना दाखवता तरी येतं." सोमवारी क्लासला सांगायचं होतं. जे घेईल त्यातच पुढं नोकरी शोधायची, म्हणून तिची झोप उडाली होती.

सरावासाठी तिनं एक पान केलं होतं, तिच्या सासूचं. वर फोटो, खाली एक चौकोन, त्यावर ‘आठवण लिहा’, आणि शेजारी ‘पाठवा’चं बटण. पानाला फोटोतल्या साडीचा रंग दिला होता, पण चुकीचा.

"ती साडी जांभळी न्हवती. वांगी रंगाची होती."

"असा?"

"न्हाई, आणखी काळसर."

"आता?"

"आता वांगं भाजलं."

ती हसत सुटली. रंग जुळेपर्यंत मी खुर्चीतून उठलो नव्हतो, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी ती भाजी आणायला गेली तेव्हा मी त्या चौकोनात लिहिलं. एका बोटानं, एकेक अक्षर हुडकून. "तू जाऊन बसलीस. मी कुठं बसू?" असं सुरू केलं आणि लिहीतच गेलो, दवाखान्यातलंही, कुणाला बोललो नव्हतो ते. बटण दाबलं. हिरवी खूण आली, खाली ओळ आली, ‘तुमची आठवण मिळाली.’ मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी तिला म्हणालो, मी लिहिलेलं काढून दाखव. तिनं जीभ चावली.

"मामा, त्याच्यामागं काहीच न्हाई अजून. नुसतं समोरचं केलंय. लिहिलेलं कुठंच जात न्हाई."

"मग मिळाली म्हणून कोण सांगायलंय?"

"ते मीच लिहून ठेवलंय."

सकाळी पिशवी घेतली आणि नांदेडची एसटी धरली. अहमदपूरला उतरलो. नांदेडात जाऊन काय, कुलूप काढायचं आणि तिथंही तेच. स्टँडवर चहा घेतला, अर्धा टाकला. सुनेचा फोन आला.

"कुठं गेलात मामा?"

"अहमदपूरला."

"तिथं काय हाय?"

"काहीच न्हाई."

"मग या की घरी."

आलो. जेवताना तिनं सांगून टाकलं, बॅकएंड घेते. मुलगा वैतागला. "दादांनी चार ओळी लिहिल्या त्याच्यापायी? आणि तुझे रंग?"

मीही म्हणालो, "हे बघ पोरी, माझ्यासाठी घेत असशील तर घेऊ नको. उगं नंतर मला शिव्या देशील."

"तुमच्यासाठी न्हाई. मिळाली म्हणून मी लिहिलं आणि मिळालं काहीच न्हवतं. मला त्याची लाज वाटायली. रंग कुठं पळून चाललेत?"

तिला ते काम लई जड गेलं. ती लॅपटॉपवर चिडायची, मी येरझाऱ्या घालायचो, आणि माझ्या चपलांच्या आवाजानं ती आणखी चिडायची. शेवटी एक दिवस हाक आली, "लिहा मामा, आता राहतंय."

आधीचं आठवून लिहायला बसलो. ते तसं आलंच नाही. पहिल्या ओळीवरच थांबलो आणि बटण दाबलं. तिनं मागून काढून दाखवलं तर अक्षर एक नाही, ओळभर नुसती प्रश्नचिन्हं. तिनं कपाळाला हात लावला. "इंग्रजी ठेवून घेतंय, मराठीच घेत न्हाई. थांबा, करते."

मला मात्र हसू फुटलं. मी टेम्पो सुरू केला की बायको दारात अशीच उभी असायची. कुठं चाललात? कधी येणार? जेवलात का? प्रश्नांची ओळच्या ओळ.

दुरुस्ती झाल्यावर मी परत बसलो आणि लिहिलं, "लातूरलाच हाय. जेवलो."

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या बघितलं. होतं.