दगडावर न उघडलेला डबा

माझ्याकडे असला काही अनुभव असेल, असं माझ्या ओळखीतल्या एकालाही वाटणार नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देतो आणि पुढे जातो, माझा या विषयाशी संबंध एवढाच. तुमच्या या सदरातले अनुभवसुद्धा मी आजवर चहा पिता पिता हसतच वाचत आलो. पण चाळीसेक वर्षं एक गोष्ट घशात अडकून बसली आहे... ती भीतीची नाही, किळसवाणी आहे. जेवायच्या आधी वाचू नका.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचं साल असेल. मी नाशिकला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. इंदिरानगर तेव्हा नुकतं वसत होतं, तिथे दोन खोल्यांत मी आणि बायको सुमन. ऑफिसातल्या एकाच्या नादानं मी डोंगर भटकणाऱ्या एका ग्रुपबरोबर पाच दिवसांच्या ट्रेकला नाव दिलं. वणीच्या बाजूनं सातमाळा डोंगररांगेच्या धारेवर चढायचं, धारेधारेनं पूर्वेला धोडपपर्यंत जायचं आणि कळवणकडे उतरून एस.टी.नं घरी यायचं. पावसाळा सरत आला होता, पण वर धुकं होतंच. आम्ही नऊ जण, शिवाय गंगाराम हा वाटाड्या. धारेखालच्याच एका पाड्यावरचा, पन्नाशीचा, काटक माणूस.

ग्रुपचा लीडर प्रधान. याचा एक नियम होता - सगळा शिधा सामायिक. कुणी स्वतःचा डबा ठेवायचा नाही. निघतानाच स्टँडवर त्यानं सगळ्यांच्या पिशव्या रिकाम्या करून घेतल्या आणि गोड पदार्थ - साखर, गूळ, बिस्किटं, ग्लुकोजचे पुडे - सगळे एकाच कॅनव्हासच्या पिशवीत भरले. म्हणे, शोधायला नको!

आमच्यात साळवे सर म्हणून एक होते. शाळेत शास्त्र शिकवायचे, पन्नाशी ओलांडलेली, रोज सकाळी स्वतःच्या हातानं इन्सुलिन टोचून घ्यायचे. अचानक साखर उतरली तर तोंडात टाकायला म्हणून खिशात साखरेची पुडी असायची. प्रधाननं हात पुढे केल्यावर त्यांनी तीही काढून दिली. मी म्हटलं, "सर, ही तरी राहू द्या." तर म्हणाले, "नियम म्हणजे नियम, देवरे. पिशवी काय, बरोबरच आहे आपल्या."

आणि मी? सुमननं रात्री जागून शेंगदाण्याचे लाडू केले होते. मोजून एकवीस. स्टीलच्या डब्यात, वर केळीचं पान. माझ्या बायकोनं केलेले लाडू या खादाडांच्या घशात का घालू? मी डबा घोंगडीत गुंडाळून सॅकच्या तळाशी कोंबला. लिहितानासुद्धा स्वतःची शिसारी येते.

पहिल्या दिवशी खिंडीत एक सपाट दगड लागला. गंगाराम तिथे थांबला.

"हितं शिदोरी उघडून दावा, मंगच म्होरं चला," तो म्हणाला. "घ्यायचं काय नाय तुमचं. निस्तं दावायचं."

प्रधान हसला. "कुणाला दाखवायचं रे बाबा?"

"ज्याला बघायचं त्यो बघंल. धारेवर अन्न दडवून नेऊ नये. नासतं."

त्याचं मन मोडायला नको म्हणून प्रधाननं सगळ्या पिशव्या दगडावर सोडल्या. गंगारामनं आपली नागलीची भाकरी सोडली. मी सॅकवर बसून बूट बांधत राहिलो. गंगारामनं माझ्याकडे बघितलं आणि आपली भाकरी परत बांधून घेतली.

पुढचे दोन दिवस मजेत गेले. पहाटे सगळे घोरत असताना मी घोंगडीत तोंड घालून एक लाडू खायचो. तिसऱ्या पहाटेही खाल्ला. खमंग, साजूक तुपाचा. हे लक्षात ठेवा.

त्याच दिवशी सकाळी एका कड्यावरून दोरानं सामान वर ओढताना ती गोडाची पिशवी निसटली आणि धुक्यात खाली गेली. आवाजसुद्धा आला नाही. सरांनी सकाळीच सुई घेतली होती, नाश्ता वर गेल्यावर करायचा होता, आणि वर लाकडं ओली... चूल काही पेटेना. जवळ उरलं होतं ते कच्चे तांदूळ, डाळ आणि पीठ.

तासाभरात सर घामानं निथळायला लागले. मग जिथे होते तिथेच बसले आणि हजेरी घ्यायला लागले! एकेक नाव घेऊन, शाळेत घेतात तशी. कुठली कुठली पोरं, वीस वर्षांपूर्वीची असतील. पाण्यात पीठ कालवून दिलं, ते ओठांतून बाहेर आलं.

"कुणाकडे गोड काही आहे का?" प्रधान ओरडला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चिमूटभर साखर? पेपरमिंटची गोळी? अरे, माणूस जाईल!"

मी मूग गिळून बसलो. आता डबा काढला तर तोंड कुठे लपवू, एवढंच डोक्यात. गंगाराम मात्र काही न विचारता पाड्याकडे गूळ आणायला पळत सुटला.

सर आडवे झाले. डोळे अर्धे मिटलेले. तेव्हा मात्र मला राहवेना. ठरवलं, आडोशाला जाऊन एक लाडू काढायचा आणि खिशात सापडला म्हणून सांगायचं. सॅक घेऊन दगडाआड गेलो, डबा काढला, झाकण उघडलं...

आत लाडू नव्हते. काळपट लगदा होता आणि तो हलत होता. बोटभर लांबीच्या पांढऱ्या अळ्या, एकमेकींवर चढलेल्या. केळीच्या पानाखालून पिवळा चिकट द्रव माझ्या अंगठ्यावर आला. आणि वास! चार दिवस पाण्यात पडलेल्या जनावराचा वास तुम्हाला माहीत असेल, तर तो. मी तिथेच भडाभडा ओकलो. तीन तासांपूर्वी याच डब्यातलं खाल्लं होतं मी.

झाकण दाबून लावलं, डबा सॅकमध्ये ढकलला आणि येऊन सरांजवळ बसलो. वास माझ्या मागे आला. प्रधाननं नाकाला रुमाल लावला. "काय मेलंय इथे?" मी सरांचा हात हातात घेतला. तोच चिकट अंगठा. पुसत होतो, जात नव्हता. मला माझ्याच हाताची इतकी किळस येत होती की तो तोडून टाकावासा वाटत होता. सर मधेच पुटपुटले, "देवरे?"

मी म्हटलं, "हजर, सर."

गंगाराम दीड तासानं आला. धोतराच्या सोग्यात गुळाचा खडा. त्यानं तो पाण्यात कुसकरला, बोटानं सरांच्या हिरड्यांना चोळला, पुन्हा पुन्हा चोळला. बऱ्याच वेळानं सरांनी घोट गिळला. मग डोळे उघडले. प्रधान लहान मुलासारखा रडला. गंगारामनं हवेत नाक फिरवलं, माझ्या सॅककडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "पाव्हणं, तुमी हात धुवा."

ट्रेक तिथेच संपला. सरांना झोळीत घालून पाड्यावर उतरवलं, जीपनं कळवणला दवाखान्यात नेलं. त्या धावपळीत वास कधी गेला, कळलं नाही. डबा फेकायची हिंमत झाली नाही... फेकायला तो हातात धरावा लागला असता.

घरी आल्यावर सॅक ओट्यावर टाकून मी तीनदा अंघोळ केली. बाहेर आलो तर सुमनच्या हातात तो डबा. मी ओरडलो, "उघडू नकोस!"

तिनं उघडला होता.

"अहो, अठरा लाडू तसेच! तीनच खाल्लेत? आणि कुणाला दिले नाहीत का?" असं म्हणून तिनं एक उचलून तोंडात टाकला. केळीचं पान सुकलेलं, बाकी लाडू जसेच्या तसे. गोल, कोरडे, तुपानं चमकणारे. ती चावत होती आणि मी मोरीकडे पळालो.

आठवडाभरानं साळवे सर घरी आले. हातात पेरूंची पिशवी. सुमनला म्हणाले, "वहिनी, तुमच्या यजमानांचे उपकार मानायला आलोय. दीड तास माझा हात धरून बसले होते. प्रधाननं सांगितलं मला."

मी जमिनीकडे बघत होतो. सुमननं चहाबरोबर बशीत लाडू आणून ठेवला. तोच, त्या डब्यातला. मला तिला थांबवता आलं नाही.

"अर्धाच हं," सरांनी हसत तो मोडला. नाकाजवळ नेला आणि थांबले.

"गंमत बघा देवरे," ते म्हणाले. "त्या दिवशी धुक्यात पडल्या पडल्या मला सारखा हाच वास येत होता. भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि गुळाचा. इतका जवळून, की वाटायचं, हात पुढे केला तर मिळेल. भास असणार. पण त्या वासावर तग धरला म्हणा ना."

आणि त्यांनी चवीनं खाल्ला.

नंतर मी एका डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, तुमच्या मनाचे खेळ. असतीलही. मग प्रधाननं नाक का दाबलं? गंगारामला काय कळलं? आणि सरांना तेवढा चांगला वास का आला? सर जाऊन बरीच वर्षं झाली. खरं काय ते त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांनी माझं नाव घेतलं होतं आणि मी हजर म्हटलं होतं. ती हजेरी खोटी होती, हे आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय.