साडूभाऊंच्या गाडीची मागची बाजू

जगातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी थकते, असं माझ्या साडूंचं ठाम मत आहे. आणि माझं तितकंच ठाम मत असं, की या नियमाला एकच अपवाद आहे, तो म्हणजे स्वतः साडू. ते कावासाकीतल्या एका संशोधन संस्थेत धातूंचा थकवा मोजतात. लोखंडाची पट्टी यंत्रात धरायची, ती पुन्हा पुन्हा वाकवायची आणि कधी मोडते याची वाट बघत बसायचं, या कामाचा जपानी लोक त्यांना पगार देतात. मी बँकेच्या नोकरीनिमित्त मुंबईहून तोक्योला आलो, फुनाबोरीला बिऱ्हाड थाटलं, आणि पहिल्याच रविवारी सौ.ची थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, आणि हे साडू आम्हाला भेटायला आले. चहात साखर ढवळण्याआधी त्यांनी चमचा उजेडात धरला, मानेजवळ अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "साडूभाऊ, हा दमलाय. दिवाळी काही बघत नाही." चमचा दसऱ्यालाच गेला. तो गेला नसता तर माझे पुढचे बरेच रविवार वाचले असते.

कारण एकदा खरं ठरलेलं भाकीत माणसाला फार बिघडवतं. त्यानंतर आमच्या घरातली एकही बिजागरी, एकही कुकरचा कान, सौ.च्या पर्सची एकही कडी त्यांच्या अंगठ्यातून सुटली नाही. थकलेल्या वस्तूंविषयी त्यांना जी माया वाटते ती धडधाकट माणसांविषयी वाटत नाही. जपानात न जळणारा कचरा ठरलेल्या वारी सकाळी बाहेर ठेवायचा असतो. इतर लोक त्या वारी घरातून वस्तू बाहेर नेतात, साडू बाहेरून घरात आणतात. मोडक्या छत्र्या, लंगड्या खुर्च्या, दांडा नसलेल्या कढया. त्यांची मुलगी शाळेत जाताना हे दृश्य पाहते आणि "ओतोसान, हाझुकाशीई" म्हणून, म्हणजे बाबांची लाज वाटते असं जाहीर करून, रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जाते. एका गणपतीला त्यांनी ताईसाठी प्रयोगशाळेतल्या पोलादाचा मोदकाचा साचा करून आणला. मोदक इतके काटेकोर निघाले, की नैवेद्याचं ताट एखाद्या हार्डवेअरच्या दुकानातून आल्यासारखं दिसत होतं. ताईने त्यातला एक मोदक चिमटीत धरून विचारलं, "हा खायचा की पिळायचा?"

दोन हजार अकराच्या मोठ्या भूकंपानंतर कितीतरी महिने लहान लहान धक्के बसत असत. फोनवर इशारा वाजला की आम्ही सगळे टेबलाखाली जायचो आणि साडू टेबलावर चढायचे. छताला टांगलेल्या दिव्याचे झोके त्यांना जवळून मोजायचे असत. मग वरून आवाज यायचा, "लांबचा आहे हा. चहा टाकायला हरकत नाही." ताई टेबलाखालूनच म्हणायची, "आधी तुम्ही उतरा, मग टाकते."

अशा माणसाच्या हाती ती गाडी पडली हा योगायोग म्हणावा की दैवगती, मला ठरवता आलेलं नाही. साडूंचे सेन्सेई, म्हणजे ज्यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली ते म्हातारे प्राध्यापक, तरुणपणी अमेरिकेत शिकत होते. तिथून येताना लोक पेनं आणतात, साबण आणतात. सेन्सेईंनी आठ सिलिंडरांची, दोन दरवाजांची, कढीच्या रंगाची एक अजस्र गाडी आणली. पुढे नुसतं नाक, मागे नुसती शेपटी, आणि मध्ये नाइलाज म्हणून माणसांना थोडी जागा. स्टिअरिंग डावीकडे. जपानात सगळं उजवीकडे असल्यामुळे पार्किंगच्या यंत्रातून तिकीट घेणं ही एक कसरतच होती. साडूंनी त्यासाठी पापड भाजायचा चिमटा एका काठीला बांधून ठेवला होता. गाडी सुरू केली की त्यांच्या इमारतीतली भांडी खणखणत. पहिल्या आठवड्यात शेजारचे एक आजोबा डोक्यावर हेल्मेट घालून जिन्यात येऊन उभे राहिले होते.

गाडी मिळाली ती एका अटीवर. भूकंपानंतरच्या वर्षी सेन्सेई आजारी पडले. हॉस्पिटलमध्ये त्यांनी साडूंच्या हातात किल्ली ठेवली आणि सांगितलं, की गाडी तुझी. मला गावी टेकडीवरच्या देवळात ठेवतील, आमच्या घराण्याची कबर तिथे आहे. आमच्या हिला गुडघ्यांमुळे ती चढण जमणार नाही. तिला एकदा वर आणून सोड.

इतकंच. सेन्सेई गेले, अस्थी उत्तरेकडच्या त्या किनाऱ्यावरच्या गावी गेल्या, आणि ओकुसान, म्हणजे सेन्सेईंच्या पत्नी, तोक्योच्या कोतो भागातल्या आपल्या घरी एकट्या राहिल्या. मूल नव्हतं. साडू दर शनिवारी त्यांच्या घरी जाऊन नळ, बिजागऱ्या आणि खिडक्यांच्या कड्या तपासून येत, पण त्यांना गावी नेण्याचा विषय काढत नसत. कारण गाडीची मागची बाजू बसली होती. मागच्या चाकांवरचे पोलादी पाटे इतक्या वर्षांत सपाट झाले होते. साडू एकटे एकदा गावी जाऊन आले होते, मागच्या सीटवर माणसाऐवजी तांदळाच्या पिशव्या ठेवून. देवळाच्या चढणीच्या तोंडाशी, भूकंपात खचलेला रस्ता डागडुजी करून उंच केलेला होता. तिथे गाडीची शेपटी टेकली आणि सायलेन्सर असा काही खरवडला, की देवळातले भटजी बाहेर आले.

"मग टॅक्सीने न्या," मी म्हणालो.

साडूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांना सत्यनारायणाचा प्रसाद हॉटेलातून मागवायला सांगितलाय. "सेन्सेईंनी गाडी दिलीय, साडूभाऊ. टॅक्सीचे पैसे नाही दिले."

"मग ओकुसानना पुढे बसवा. मागे वजनच नको."

"पुढे?" त्यांचा आवाज चिरकला. जपानात मानाची जागा ड्रायव्हरच्या मागची, हे लहान मुलालाही माहीत असतं. "गुरुपत्नीला मी क्लीनरच्या जागी बसवू?" दोन दरवाजांच्या गाडीत ऐंशीच्या घरातल्या बाईंना पुढची सीट दुमडून, वाकून, मागच्या फटीत शिरावं लागेल, हा मुद्दा त्यांनी विचारात घेतला होता. त्यासाठी त्यांनी एक पायरी आणि एक धरायची कडी बनवून ठेवली होती, दोन्ही मोदकाच्या साच्याच्या पोलादाची.

तेव्हा मागची बाजू उचलायची ठरली. पाटे कावासाकीतल्या एका छोट्या गॅरेजात नव्याने वाकवून घ्यायचे आणि त्यांना टांगणाऱ्या कड्या थोड्या लांब करायच्या. पण गाडीची उंची चार सेंटिमीटरपेक्षा जास्त बदलली तर सरकारी तपासणीत गाडी अडकते. तिथली ती तपासणी म्हणजे आपल्याकडचं मुलीचं लग्न. सगळं अगदी बेताने करायला हवं होतं. किती वजनाला किती उचलायचं हे ठरवण्यासाठी साडूंना खरी माणसं हवी होती. तांदळाच्या पिशव्यांवर त्यांचा विश्वास उडाला होता. "तांदूळ हलत नाही," ते म्हणाले, "माणूस चुळबुळतो."

गुढीपाडव्याला त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. एरवी जेवताना बटाट्याच्या भाजीकडेही न बघणारे साडू त्या दिवशी स्वतः वाढत होते. श्रीखंड संपलं की श्रीखंड, पुरी संपली की पुरी. मला संशय यायला हवा होता. पण परदेशात आग्रह करून वाढणारं माणूस भेटलं, की संशयाला पोटात जागा राहत नाही. जेवणं झाल्यावर विडासुद्धा न देता त्यांनी मला, सौ.ला आणि ताईला थेट गॅरेजात नेलं आणि मागच्या सीटवर एकापाठोपाठ एक भरलं. स्वतः पाडव्याच्या नव्या सदऱ्यानिशी गाडीखाली टेप घेऊन आडवे झाले.

"कुणी हसू नका," खालून आवाज आला. "माप हलतं."

ताई म्हणाली, "पाडव्याला लोकं सोनं घेतात गं. आपण वजनं झालोय." आणि सौ.ला जे हसू फुटलं ते आवरेना. गॅरेजवाल्या काकांनी दातांतून श्वास आत ओढून "स्स्स" असा आवाज केला. तो आवाज जपानात कठीण परिस्थितीत काढतात. शेवटी आम्ही तिघे बसलेले असताना गाडी अगदी सपाट दिसेल, अशा बेताने सगळं कसलं गेलं. मग आम्ही उतरलो. गाडीने एक सुस्कारा टाकला आणि मागची बाजू हवेत उचलून नाक जमिनीकडे केलं.

मी विचारलं, "ओकुसानचं वजन किती असेल हो?"

ज्या बाईंसाठी ही सगळी खटपट चालली होती त्या चिमणीएवढ्या होत्या, आणि त्यांनी माप घेतलं होतं ते श्रीखंड-पुरी जेवलेल्या तीन मराठी माणसांचं. इंजिनिअर माणसाला आपली चूक कळली की तो तिला नाव देतो. "सुरक्षेचा गुणक," साडू म्हणाले. "आणि बाईमाणसाला वजन कसं विचारणार?"

ओबोन म्हणजे तिकडचा पितृपंधरवडा, भर ऑगस्टात येतो. साडू आणि मी भल्या सकाळी कोतोला ओकुसानच्या दाराशी गेलो. मी पुढे चिमटा सांभाळायला. साडूंनी पायरी मांडली, धरायची कडी अडकवली, सीट दुमडली आणि कमरेत वाकून मागच्या जागेकडे हात केला. ओकुसान हातात फुलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पायरीकडे पाहिलं, मागच्या फटीकडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तिथे तर आम्ही भाजी ठेवायचो."

साडूंचा हात तसाच मागच्या जागेकडे राहिला.

"मी पुढे बसायची," त्या म्हणाल्या. "शुजिन चालवायचे, मी शेजारी. कायम." शुजिन म्हणजे यजमान. मग त्यांनी दुमडलेली सीट स्वतःच पाठीला धरून सरळ केली आणि फुलं मांडीवर घेऊन तिथे बसल्या. वर्ष दीड वर्ष चाललेल्या त्या सगळ्या खटाटोपात ओकुसानना कुठे बसायचंय हे कुणीच विचारलं नव्हतं. मी पायरी ड्रायव्हरच्या बाजूला नेऊन मागे चढलो. मागची बाजू एवढी वर होती, की तोक्योपासून गावापर्यंत मी पुढच्या सीटच्या पाठीला धरून बसलो होतो, घसरगुंडीच्या मधोमध अडकलेल्या पोरासारखा.

वाटेत त्या फारशा बोलल्या नाहीत. गाव जवळ आल्यावर एकदा हसल्या. "मी उजवीकडे बसते ना," त्या म्हणाल्या, "गावातल्या लोकांना वाटायचं गाडी मीच चालवते. मी कधी खरं सांगितलं नाही." मग रस्ता खाली उतरला आणि समुद्र दिसला. घरं नव्हती, भूकंपामागून आलेल्या लाटेने नेली होती. घरांच्या जोत्यांच्या चौकोनांत गवत उगवलेलं होतं. ओकुसान एकेका चौकोनाकडे बघून कुणाकुणाची आडनावं घेत होत्या, हलक्या आवाजात, शाळेत हजेरी घ्यावी तशी. मला मागे बसून ते ऐकवेना. वळणावर रस्त्याचं काम चाललं होतं. तिथल्या निशाणवाल्याने गाडी थांबवली, उजव्या बाजूला बसलेल्या ओकुसानपुढे वाकून, थांबावं लागल्याबद्दल माफी मागितली आणि मग वाट मोकळी करून दिली. ओकुसाननी ड्रायव्हरच्या रुबाबात मान डोलावली. साडूंनी स्टिअरिंग शक्य तितकं खाली धरलं होतं.

चढणीचं तोंड आलं. साडूंचे कान मागे लागले होते, हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं. पुढची चाकं चढली, मागची चढली, आणि कसलाही आवाज झाला नाही. साडूंनी डोळे पुसले. घाम होता असं ते नंतर म्हणाले.

वर देवळापाशी कबरींसमोर गाडी थांबवली. ओकुसान उतरल्या, चार पावलं गेल्या आणि वळून पाहिलं. नाक जमिनीला लागू पाहणारी, मागून उचललेली ती अजस्र गाडी कबरीपुढे कमरेतून वाकून उभी होती. ओकुसान तोंडावर हात धरून हसल्या. "शुजिन जन्मात कुणापुढे इतके वाकले नाहीत," त्या म्हणाल्या. मग त्यांनीही गाडीला वाकून उलट नमस्कार केला आणि कबरीकडे वळल्या. साडू त्यांच्यामागे पाण्याची बादली घेऊन गेले. मी गाडीपाशीच थांबलो, तिथे माझं काही काम नव्हतं.

त्यानंतर पुन्हा कधी जाणं झालं नाही. मी साडूंना दोन-तीनदा सुचवलं, की आता मागची बाजू थोडी खाली करून घ्या, रस्त्यावर लोक बघतात. ते पाटे अंगठ्याने दाबून म्हणायचे, "अजून दमलेत कुठे?"

परवाच्या हिवाळ्यात ओकुसान गेल्या. सेन्सेईंच्या पुतण्याने अस्थी गावी नेण्याचं काम साडूंवर सोपवलं. आम्ही निघायच्या तयारीत होतो. सौ.ने डबा भरला होता, मी मागच्या सीटवर बसायच्या बेताने पायरीसुद्धा काढली होती. साडूंनी पांढऱ्या कापडात बांधलेला कलश पुढच्या, उजवीकडच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला, पट्टा दोनदा ओढून पाहिला. मग माझ्याकडे वळले.

"साडूभाऊ, तुम्ही रेल्वेने या," ते म्हणाले. "मागे कुणी बसलं की गाडी सरळ होते."

आम्ही रेल्वेने गेलो.