हाणणाऱ्याची बंट

नकुल वानखडे बॅट फिरवायचा तेव्हा बेसिंगस्टोकच्या पार्कात कुत्री फिरवायला आलेली माणसं थांबून बघायची. चेंडू झाडांवरून पार पलीकडच्या भाजीच्या वाफ्यांत जाऊन पडायचा, आणि तिथली म्हातारी मंडळी कोबीतून डोकं वर काढून शिव्या घालायची. अमरावतीचं पोर. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळून राज्याच्या टीमपर्यंत गेलं, मग कॉम्प्युटर, मग लग्न, मग इंग्लंड. इथं बिझनेस पार्कात आठवडाभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि रविवारी बेसबॉल. आठवडा तो नुसता ढकलायचा. जगायचा ते रविवारी.

टीमचा कॅप्टन शिमोन ठाण्याचा, मराठी बोलणाऱ्या ज्यू घरातला. बाकीच्या टीमचे कॅप्टन कान धरून, टोपीला हात लावून खुणा करतात. हे दोघं बिनधास्त मराठीत ओरडायचे, इथं कोणाच्या बापाला कळतंय म्हणून. हळूहळू सगळी टीमच ते शिकली. 'हाण' म्हणजे जीव खाऊन मार. 'ठेव' म्हणजे बंट: बॅट आडवी धरायची, चेंडू पुढ्यात मेल्यासारखा पाडायचा. मारणारा बहुतेक आऊट होतो, पण पहिल्या बेसवरचा गडी तेवढ्यात दुसऱ्यावर सरकतो.

नकुलला शिमोननं 'ठेव' कधीच सांगितलं नाही. अटीतटीच्या मॅचमध्येसुद्धा नाही. पबमध्ये त्यावरून वाद व्हायचे.

"आमचे कॉलेजचे सर असते तर त्यायनं पहिलवानालेही बंट करायले लावली असती," नकुल म्हणायचा.

"अरे, हत्तीला सुईत दोरा ओवायला बसवू का मी? एक आऊट फुकट द्यायचा आणि वर तुझा फटका वाया घालवायचा? मी कॅप्टन असेपर्यंत नाही!"

नकुल ग्लासात बघून हसायचा. त्याला ते ऐकायलाच आवडायचं.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली, उजव्याची कडेनं कुरतडत चाललेली. गेलेली परत यायची नाही, ड्रायव्हिंग बंद, आणि कडक चेंडूचा खेळ तर नकोच. नकुलनं घरी येऊन बायकोला, अनुयाला सांगितलं, "नंबर वाढला जरासा." गाडी तिच्या हाती दिली, कंबर धरलीय म्हणून. डोळ्यांत थेंब घालायचा तो बाथरूमची कडी लावून. खरं सांगितलं असतं तर रविवार गेला असता.

यंदा बॅट नुसती हवा कापत होती. "वय झालं बॉस," पोरं चिडवायची. शिमोन मात्र बघत राहायचा.

जुलैत शेजारच्या गावाच्या टीमशी मॅच होती. ग्लासगोला शिकणारी नकुलची मुलगी मायरा सुट्टीला आली होती, ती बघायला आली. शेवटचा डाव, एका रननं मागं, एकही आऊट नाही, पहिल्या बेसवर आपला गडी. नकुलची पाळी. त्यानं खांदे सैल केले, बॅट उचलली.

"ठेव, नकुल!"

नकुलनं मान वळवून बघितलं. "मले?"

"ठेव म्हणतो ना!"

शिमोननं नजर दुसरीकडे वळवली, तेवढ्यावरून नकुलला कळलं. हा माणूस आपल्याला आता हाणणाऱ्यात धरत नाही.

पिचरनं चेंडू टाकला. समोरच्या टीमचा तिसऱ्या बेसवरचा पोरगा, राज, त्याच क्षणी पुढे धावत सुटला. आपली टीम ओरडली, "बॅट मागे घे! ही इज कमिंग!" ओरडा तर नेहमीचाच. नकुलनं बोटं सैल सोडून इतक्या अलगद चेंडू पाडला, की शिकवणाऱ्यानं पाठ थोपटली असती. पण तिथं राज उभाच होता. उचलला, दुसऱ्या बेसवर फेकला, तिथून पहिल्यावर. दोघंही आऊट. पुढचा गडी तीनदा हुकून तिसरा आऊट झाला आणि मॅच गेली.

हात मिळवायला राज आला. स्लाऊचा पोरगा, तिथंच जन्मलेला.

"सॉरी हं काका. माझा आजी दिवसभर तेच बोलते, ताट ठेव, चप्पल ठेव. मला लगेच कळला." तो हसला, मग जरा गोंधळला. "पण तुम्ही मला बघितला ना? मी एकदम समोर आला. मला वाटला आता काका मारणार, आय वॉज स्केअर्ड."

"पायलं ना, पायलं," नकुल म्हणाला.

राज गेल्यावर शिमोन जवळ आला. "कोणत्या बाजूनं आला तो?"

नकुल हातमोजा काढत राहिला.

"नकल्या, कोणत्या बाजूनं?"

"डावीकडून आला असन."

"असन?"

मायरा पाण्याची बाटली घेऊन मागेच उभी होती. "बाबा, किती दिसतं तुला?"

मग त्यानं सांगितलं. काचबिंदू, डॉक्टर, कंबर, सगळं. मैदानातले बेस पोरं गोळा करत होती, तेवढ्यात सांगून झालं.

"माझीच चूक," शिमोन म्हणाला. "'हाण' म्हणायला हवं होतं. मला वाटलं, यंदा लागत नाहीये, निदान पोरीसमोर तीनदा हुकायला नको..."

"नाही बे. तू बरोबर होता. अर्धाच दिसते मले चेंडू. ठेवता येते. हाणता नाही येत."

"पुढच्या रविवारी ये तरी. पोरांना शिकव."

"पाहू," नकुल म्हणाला. त्यानं बॅट शिमोनच्या हातात दिली आणि अनुया गाडी घेऊन येणार होती त्या फाटकाकडे निघाला.

मायरा त्याच्या डाव्या बाजूनं चालत होती. आईला आपण सांगायचं की बाबानंच, हे तिला ठरवता येत नव्हतं. ती सोबत आहे का हे बघायला नकुलला वाटेत दोनदा पूर्ण मान वळवावी लागली.