एकशे सहा ताप

माझा धाकटा भाऊ बारामतीत राहतो, एमआयडीसीतल्या दूध डेअरीत कामाला आहे. त्याच्या सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि उपचारासाठी भावजय त्याला घेऊन पुण्यात खोली करून राहिली. आधीच सांगून टाकते, पोरगा आता ठणठणीत आहे, माझ्या अंगणात येऊन कोंबड्यांच्या मागं पळतो. मला सांगायचंय ते त्याच्या नऊ वर्षांच्या बहिणीचं. तेव्हा सहा महिने ती डाळजला माझ्याकडं होती, गावच्याच शाळेत जायची.

मी अंगणवाडीत उभी हयात घालवलेली बाई. पोरांचे सगळे नखरे मला तोंडपाठ. पण या पोरीला नखराच नव्हता हो! हाक मारायच्या आधी आंघोळ करून तयार. वेण्या स्वतःच्या स्वतः घालायची, एक कानावर, एक मानेवर. कारल्याची भाजी वाढली तरी गुमान खायची. गावात जो भेटेल तो विचारायचा, "भाऊ कसा हाय गं तुझा?" आणि ही दवाखान्यातल्या सिस्टरबाईसारखी सांगायची, "पेशी वाढल्यात. उलट्या कमी हायेत." तू कशी आहेस, हे तिला कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मी आपली गावभर सांगत सुटले होते, "आमची भाची लई शहाणी!" आईचा फोन आला की मी समोर बसून डोळे वटारायची, म्हणजे हिनं रडगाणं गाऊ नये. तिच्या आईला आधीच कमी व्याप आहेत का, असं माझं म्हणणं.

एका सकाळी मी भाकरी थापत होते. पोरगी आली, एका हातात थर्मामीटर. आईनंच तो तिच्या बॅगेत घालून दिलेला.

"आत्या, मला ताप आलाय. आईला फोन लाव."

बघते तर एकशे सहा! अगं आई गं! हातातली भाकरी तव्याऐवजी फरशीवर पडली. तिच्या कपाळाला हात लावला, तर ते माठासारखं गार. आणि एकशे सहा ताप असलेलं हे लेकरू दुसऱ्या हातानं शेंगदाण्याचा लाडू खात होतं. थर्मामीटर पुन्हा नीट बघितला. टोकाला चहाची पत्ती चिकटलेली होती.

मग काय, माझं डोकंच फिरलं. "लाज न्हाय वाटत? तिकडं तुझ्या आईचा जीव टांगणीला लागलाय आन् हितं तुला ही थेरं सुचत्यात?"

ती रडली नाही. लाडू खाली ठेवला आणि म्हणाली, "त्याला ताप आला की आई त्याच्या उशाशी बसून राहती. मला आलाच न्हाय तर ती कशाला येईल?"

असा राग आला मला स्वतःचा! जिला मी शहाणी शहाणी म्हणून मिरवत होते, त्या पोरीनं काही मागायचंच सोडून दिलं होतं. अशीच राहिली तर मोठी झाल्यावरही कुणापाशी तोंड उघडणार नाही, या धास्तीनं मला पुढची भाकरी थापवेना.

लगेच भावाला फोन लावला. "रविवारी पोरापाशी तू बस. तुझ्या बायकोला एक दिवस पोरीकडं येऊ दे."

"अक्का, मला त्याची औषधं कळत न्हाईत."

"वाचता येतंय ना? चिठ्ठीवर लिवलंय सगळं. डेअरीतली एवढी मशिनं चालवतोस, दोन गोळ्या देता येईनात व्हय?"

भावजयही आढेवेढे घ्यायला लागली. "वन्सं, ह्याला सोडून कशी येऊ?" मग तिला चहाच्या पत्तीचं सांगितलं. तशी म्हणाली, "डॉक्टरांना इचारते आन् येते."

रविवारी ती शेजारच्या भिगवणला एसटीतनं उतरून घरी आली. मी बजावून ठेवलं होतं, आज पोराचा विषय काढायचा नाही. पहिला तासभर पोरगी पाहुण्यांशी वागावं तशी वागली. आईला पाणी काय दिलं, "प्रवासात तरास न्हाय ना झाला?" काय विचारलं. मग आईनं तिचे केस विंचरायला घेतले आणि काय सांगू, जे सुरू झालं! वेणी घट्टच झाली, भात मऊच झाला, ही रिबीन नको, ती का न्हाय आणली. भावजय वैतागली, मग हसायला लागली, वेणी तीनदा सोडून तीनदा घातली. मी दारात बसून शेंगा फोडत मजा बघत होते. कितीतरी दिवसांनी माझ्या घरात लहान पोर असल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी भिगवणला पुण्याची गाडी लागली. आईनं पायरीवर पाय ठेवला मात्र, पोरीनं नव्या फ्रॉकसकट जमिनीवर लोळण घेतली. "जायाचं न्हाय! सारखं त्याच्याकडंच! मला बी तू पायजेस!"

"पुढच्या रविवारी येते गं बाळा, नक्की येते."

"मला आत्ता पायजेस!"

सगळा स्टँड बघत होता. भावजय खाली उतरली आणि तिला पोटाशी धरून तिथंच धुळीत बसली. दोघी हमसून हमसून रडत होत्या, माझेही डोळे वाहत होते.

कंडक्टर दारातनं ओरडला, "ओ मावशी, गप करा की पोरीला! गाडी सोडायची हाय."

"थांबा हो दोन मिनिटं," मी म्हणाले. "चार महिन्यांनी रडतीय ती. पोटभर रडू द्या."